कोपऱ्यातले फूल

लोंढा जंक्शनला गोव्याची गाडी सोडून आम्ही हल्याळकडे वळलो. त्या रानातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रिया बोलतात कोंकणी आणि शिवतात ‘कवंद’, म्हणजे आपली वाकळच. जुन्या लुगड्याच्या अस्तरावर काठापासून ठिगळे लावीत, धावदोऱ्याने फेरे घेत त्या मध्यापर्यंत येतात. खरी करामत कोपऱ्यांवर! कापडाचे लहान तुकडे त्रिकोणी दुमडून, थरावर थर देऊन तेथे टाचतात. टोके उठून राहतात आणि डोळे मिटले तरी बोटांना फूल कळते. त्याला नावही ‘फुला’. त्यावाचून कवंद उघडी. एका म्हातारीने विचारले, “तुमच्याकडे कोण शिवते?” आई शिवीत असे, एवढेच मी म्हणाले. वाकळीसाठी ठेवलेली तिची लुगडी एका पातेल्यापायी बोहारणीला दिली, हे मला सांगवले नाही.