पावती पुस्तक



गेल्या कार्तिकीचा काला झाल्यावर आम्ही सात जण पंढरपूरहून पंजाबातल्या घुमानला सायकलने गेलो. नामदेवरायांच्या पायरीवर डोके टेकवून निघालो आणि २४ दिवसांनी त्यांच्या दरबारात पोहोचलो. अंतर सुमारे २,००० किलोमीटर. नक्की आकडा पुतण्याच्या मोबाईलमध्ये आहे, मी मुक्काम मोजले. वारीची सवय.

निमित्त होते आमच्या तालुक्यातल्या डायलिसिसच्या पेशंटांचे. उपचार सरकारी योजनेतून होतात, पण आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा तालुक्याला जायचे, चार तास मशीनला लागायचे आणि परत यायचे. सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. पेशंट खचतो तो या येण्याजाण्याने. त्या भाड्यासाठी वाटेत वर्गणी गोळा करायची, असे दिंडीत ठरले. पावती पुस्तक माझ्याकडे दिले, कारण माझी कारभारीण याच दुखण्याने गेली हे सर्वांना ठाऊक होते. मला ते पुस्तक नको होते. तेव्हा बोललो नाही.

दिवस पहाटे चारला उठायचा. ज्या देवळात, धर्मशाळेत किंवा शाळेच्या ओसरीवर मुक्काम असेल तिथे आजूबाजूला लोक झोपलेले असत, म्हणून काकडा हळू आवाजात व्हायचा, टाळ नुसते टेकवायचे. मग वळकटी कॅरिअरला बांधायची, टायर दाबून बघायचे, चेनला तेल. साडेपाचला चाके रस्त्यावर. दर तासाला थोडे थांबून गूळ-शेंगदाणे आणि पाणी. दुपारी जेवून दोन तास सावलीला पडायचे. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा आणि हरिपाठ. हरिपाठ झाल्यावर ओले कपडे दोरीवर टाकेपर्यंत निम्मे लोक झोपलेले.

वारीत फोड पायाला येतात. इथे कुठे येतात ते लिहायला नको. चौथ्या दिवशी धुळ्याच्या अलीकडे मला सीटवर टेकवेना, तेव्हा आमच्यातल्या सायकलदुरुस्तीवाल्या तात्यांनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि म्हणाले, "माउली, लाजू नका, सगळ्यांचं तेच आहे." सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागतो. माझी सायकल बिनगिअरची, तिथे उतरून ढकलतच गेलो. खलघाटला नर्मदामाईचे दर्शन झाले आणि अंगातला शीण गेला.

पुढे रोज समोरचा वारा. हँडलला लावलेली पताका त्या वाऱ्यात सायकल मागे ओढते. पुतण्या म्हणाला, काढून ठेवू या. ठेवली नाही. त्या पताकेमुळेच महाराष्ट्राच्या नंबराचे ट्रकवाले हॉर्न देऊन खिडकीतून "रामकृष्ण हरी" म्हणत, आणि परक्या मुलखात तेवढ्यावर पाच-दहा किलोमीटर सहज निघत.

वर्गणीचे म्हणाल, तर एका मोठ्या गावात हार घातले, फोटो निघाले, भाषण झाले, पावती एकही फाटली नाही. ढाब्यांवर मात्र दहा-वीस रुपये देणारे खूप भेटले. मागायला पुतण्या जायचा. मी नुसता लिहायचो.

गुना सोडून शिवपुरीकडे चाललो होतो. रस्त्याच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात. सकाळी सकाळी त्या तारेने आमची दोन चाके बसली. जवळच पत्र्याची टपरी होती. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, अंगात विटका स्वेटर, थंडीने हात काळे-निळे. त्याने दोन्ही पंक्चर काढले. कुठे निघालात विचारले, पुतण्याने सांगितले. मी पैसे दिले तर त्यातले वीस रुपये त्याने परत माझ्यापुढे धरले. "बाबाजी, ये उसमें लिख लो."

मी म्हणालो, "रहने दे बेटा, तेरे काम आएँगे."

चांगल्या मनानेच म्हणालो, असे तेव्हा वाटले. पोराने काही न बोलता नोट खिशात घातली आणि पाण्याच्या घमेल्याकडे वळला. आम्ही निघालो.

पुतण्या तासभर माझ्याशी बोलला नाही. चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "काका, काकूंच्या वेळी पण तुम्ही असंच करायचात."

त्याचे खरे होते. २०१८ च्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले आणि सकाळची एसटी आलीच नाही. शेजाऱ्याची जीप दारात उभी. ओढा टाळून लांबच्या रस्त्याने ती जात होती. त्याने आदल्या आठवड्यातच सांगितले होते की वहिनींना मी सोडत जाईन, हाक मारा. मी हाक मारली नाही. आमचे चार एकर आहे, आजवर कुणापुढे हात पसरला नाही, ही मिरवायची गोष्ट होती माझी. कारभारीण पिशवी घेऊन ओसरीवर अकरापर्यंत बसली, मग उठून चुलीकडे गेली. त्या दिवसाचे डायलिसिस चुकले. सुगीत आणखी दोनदा चुकले. ती बोलली कधीच नाही. संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावत नसत, ते पदराखाली घेऊन बसायची. ती गेली पुढच्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, दुखणेच मोठे होते. असेल. पण ती अकरापर्यंत ओसरीवर बसली होती, हे डॉक्टरांना कुठे ठाऊक?

वारीत मी तीस वर्षे चाललो. पाया पडणाऱ्याच्या उलट पाया पडायचे, पंगतीत कुणाचीही भाकरी खायची, हे मला येत होते. गावात परतलो की विसरत होतो.

आम्ही अकरा किलोमीटर पुढे आलो होतो. बाकीच्यांना म्हटले, तुम्ही व्हा पुढे. तात्या म्हणाले, "थांबतो आम्ही. चहा आहे इथे." मी एकटा सायकल वळवली. येताना आम्हाला छळणारा वारा आता पाठीत होता, म्हणजे परत येताना तो पुन्हा तोंडावर येणार, हे कळत होते.

पोरगा ट्रकच्या चाकाखाली जॅक लावत होता. मी पुस्तक काढले आणि म्हणालो, "बेटा, गलती हो गई. वो बीस रुपये दे दे." माझ्या एकसष्ट वर्षांत मी तोंडाने मागितलेले ते पहिले पैसे. त्याने हात पुसून नोट काढली. पावती कोणाच्या नावाने करू, विचारले तर म्हणाला, आईच्या. लिहून दिली. लिपी तीच, त्याने बोट ठेवून नाव वाचले, घडी घालून वरच्या खिशात ठेवली. मग मला म्हणाला, हवा कम है, आणि मागच्या चाकात हवा भरून दिली. त्याचे पैसे घेतले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

त्यानंतर ढाब्यावर पुस्तक घेऊन मीच जाऊ लागलो. काही ठिकाणी हाकललेही.

चंबळ, आग्रा, मथुरा, दिल्ली मागे पडले. हरियाणात दाट धुके. पुढचा माणूस दिसेना, म्हणून नऊ वाजेपर्यंत निघता येत नसे. पंजाबात मुक्कामाची चिंता मिटली, कारण गुरुद्वारात कोणीही जावे, जेवावे, झोपावे. गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत. पताका पाहून म्हातारी माणसे थांबवत आणि "बाबा नामदेव?" एवढेच विचारत.

घुमान तसे छोटेच गाव. २०१५ साली डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन इथे भरले, तेव्हापासून आपल्याकडे नाव पोहोचले. दरबारात गेलो, डोके टेकवले. सातही जण रडलो, त्याविषयी आणखी काय लिहायचे?

मग लंगरला बसलो. थाळीत डाळ पडली. रोट्या घेऊन एक पांढऱ्या दाढीचा सेवेकरी ओळीने येत होता. मी सवयीने थाळी थोडी पुढे सरकवली. तो रोटी हातात धरून तसाच उभा राहिला. शेजारच्या सरदारजींनी मला कोपराने खुणावले आणि स्वतःचे हात करून दाखवले. रोटी थाळीत टाकत नाहीत. दोन्ही हात पसरून घ्यायची असते.

मी दोन्ही हात पुढे केले.