अर्ध्या तासाची लेखणी

जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर लिहायला बसला की अर्ध्या तासात डोकं ठणकू लागायचं आणि लेखणी खाली ठेवावी लागायची. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅवरहिलच्या क्वेकर शेतकऱ्याचा हा मुलगा, जन्म १८०७चा. पोरवयात शेतातल्या अवजड कामाने प्रकृती ढासळली, ती पुन्हा सावरलीच नाही. तरीही तो चौऱ्याऐंशी वर्षं जगला, गुलामगिरीविरुद्ध लढला आणि चर्चमध्ये आजही गायल्या जाणाऱ्या प्रार्थना लिहून गेला. ज्या पंथात त्या काळी उपासनेला गाणंच नव्हतं, सगळे नुसते गप्प बसत, त्या पंथातला हा गीतकार.

अर्धशिशी मलाही आहे. मुंबईत मरोळ नाक्याजवळ राहत असल्यामुळे दुखणं उठलं की मेट्रो, अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचे हॉर्न आणि डोक्यावरून जाणारी विमानं एकदमच कवटीत शिरतात. पडदे ओढून पडलेलं असताना ‘दुखण्याने माणूस मोठा होतो’ असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. दुखण्याने दिवस जातो, एवढंच. व्हिटिअर मला जवळचा वाटतो तो उरलेल्या वेळाचा त्याने जो हिशेब मांडला त्यामुळे. १८४०मध्ये तब्येतीने त्याला फिलाडेल्फियातलं ‘पेनसिल्व्हेनिया फ्रीमन’ या वृत्तपत्राचं संपादकपद सोडायला लावलं. तो एम्सबरीच्या घरी परतला आणि तिथून, जमेल तेव्हा जमेल तेवढं, लिहीत राहिला. (त्याच साली इकडे साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी आज सीप्झच्या आवारात असलेलं जुनं चर्च सोडलं आणि उपासना मरोळला आणली. आजाराने हललेली माणसं सगळीकडेच असतात.)

त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रार्थना निघाली ती आपल्या वेदांतून. १८७२च्या ‘द ब्रूइंग ऑफ सोमा’ या कवितेत ऋषी सोमरस गाळतात, पितात आणि त्या धुंदीलाच देवाचा स्पर्श मानतात. मग तो म्हणतो की प्रत्येक युगाने असा आपापला सोम शोधला. धूप, नाच, गजर, अंगात येणं. शेवटच्या कडव्यांत तो देवाकडे क्षमा आणि शांतता मागतो. १८८४मध्ये गॅरेट हॉर्डरने तेवढीच कडवी उचलून भजनसंग्रहात घातली. पुढे १९२४मध्ये त्यांना संगीतकार पॅरीची चाल मिळाली आणि सोम मागेच राहिला.

इथे माझं त्याच्याशी पटत नाही. माझ्या आजीचे गुडघे संधिवाताने आखडलेले, पण एकादशीच्या भजनात मृदंग चढू लागला की ती टाळ घेऊन उभी राहायची. दुसऱ्या दिवशी गुडघे सुजायचे, आणि तरी पुढच्या एकादशीला ती हजर. त्या गजराला धुंदी म्हणून मोडीत काढायला माझी जीभ रेटत नाही. वेदनेतून क्षणभर सुटका मागणं हे काही पाप नव्हे.

मात्र त्याने कोणता कोलाहल ऐकला होता हे कळल्यावर माझा विरोध मवाळ झाला. १८३८च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात गुलामगिरीविरोधकांनी मोठ्या हौसेने बांधलेलं पेनसिल्व्हेनिया हॉल उघडल्यावर चार दिवसांच्या आत जमावाने जाळलं. त्याच्या पत्राची कचेरी त्याच इमारतीत होती. त्याआधीही जमावाचे दगड त्याने खाल्ले होते. उन्मादाची भीती त्याला पुस्तकातून आलेली नव्हती.

आणि आवाज त्याने सरसकट नाकारलेही नाहीत. १८६५मध्ये गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती मंजूर झाली तेव्हा तो एम्सबरीच्या सभागृहात, क्वेकरांच्या रीतीप्रमाणे, मूकपणे उपासनेला बसला होता. गावातल्या घंटा वाजू लागल्या. त्या नादावर, तिथे बसल्या बसल्याच, त्याच्या मनात ‘लाउस देओ’ ही कविता आकाराला आली. आयुष्यभराच्या लढाईचा निकाल त्याला घंटांनी सांगितला, आणि त्याची कविता त्या घंटांनाच आणखी जोराने वाजायला सांगते.