पाणी फिरलं की गाणं बारीक

होडीत गाणी लावली की मासे पळतात, असं मला ठासून सांगणारी माणसं बहुधा होडीत कधी बसलेली नसतात. मालवणात मामाच्या होडीत रेडिओ अखंड चालू असायचा आणि मासळीही मिळायची. कधी मिळायची नाही. सेल संपलेले असायचे त्या दिवशीही कधी मिळायची, कधी नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण दर्यावर माणसं गाणी का लावतात, याचं उत्तर माशांना विचारून उपयोग नाही.

मे महिन्याची सुट्टी लागली की आई आम्हाला एसटीत कोंबून माहेरी न्यायची. मामाचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून ओढायच्या जाळ्यात, वाटा होता. रापण नसेल त्या संध्याकाळी तो होडी घेऊन एकटाच गरवायला जायचा, आणि मुंबईहून आलेला भाचा मागे लागला की नाही म्हणणं त्याला जमायचं नाही. होडीच्या मधल्या फळीवर गोणपाटाची घडी आणि घडीवर ट्रान्झिस्टर, ही जागा ठरलेली. त्याला कातडी खोळ, खोळीवर प्लॅस्टिकची पिशवी. एवढं करूनही खारा वारा आत शिरायचाच. सेलांच्या स्प्रिंगा हिरव्या पडायच्या आणि मामा त्या ब्लेडच्या टोकानं खरवडत बसायचा. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात, आणि आभाळ आलं असेल तर मामी ते चुलीच्या वैलाशी शेकत ठेवायची. वर बडबडायची, "भाताच्या टोपाक जागा नाय, ह्येंच्या सेलांक आसा." रेडिओचं लायसन असायचं तेव्हा. पोस्टात पैसे भरून आणलेलं ते पुस्तक मामानं देवाच्या तसबिरीमागे ठेवलेलं होतं. होडीच्या कागदांना तेवढा मान नव्हता.

मालवणला मुंबईपेक्षा पणजी कितीतरी जवळ, आणि मधे बहुतेक पाणीच. मीडियम वेव्हच्या लहरी खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षा लांब आणि स्वच्छ जातात. त्यामुळे घरच्या पडवीत खरखरणारं पणजी केंद्र किल्ल्याच्या बाहेर गेलं की एकदम निवळायचं. लोर्नाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तिथे. क्रिस पेरीचा ट्रंपेट वाजतोय, लोर्ना कोंकणीत गातेय आणि मामा सुंगटाचं डोकं मोडून ते गरीला लावतोय. जॅझ नावाचं काही असतं हे मला पुढे मुंबईत कळलं, तोवर मी त्याला गरवण्याचं संगीत समजत होतो. मामाला ती गाणी तोंडपाठ होती. नाच, पार्टी, क्लब यातलं काहीही त्यानं पाहिलेलं नव्हतं.

रात्री उशीर झाला की सिलोन. बुधवारी आठ वाजता गीतमाला लागायची आणि अमीन सयानी बोलायला लागले की मामा विडीसुद्धा विझवायचा. त्यामागची गंमत मला फार पुढे वाचायला मिळाली. 1952 साली बाळकृष्ण केसकर नावाचे एक मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे भोक्ते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी सिलोनवर गीतमाला सुरू झाली आणि सगळा देश तिकडे कान लावून बसला. शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकरांनी ज्यांच्या कानांना वळण लावायचं म्हटलं, त्यांतले दोन कान मालवणच्या खडपांपाशी नांगर टाकून बसले होते, आणि ते काही वळले नाहीत.

आता गरवण्याविषयी. यात काठी नसते, चाक नसतं. तंगुसाची दोरी, तिला शिसं आणि गरी. शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायचं आणि दोरी तर्जनीवरून घेऊन बसायचं. शिंगाळा येतो तो सावकाश ओढ देत. तांबोशी एकदोनदा टोचते आणि मग सरळ खडपाच्या बिळाकडे धाव घेते. तेवढ्यात हिसका दिला नाही तर दोरी खडपात अडकलीच. केंड आलेला तर कळतही नाही. दोरी हलकी लागते, ओढून बघावं तर गरी कापून नेलेली. हे सगळं बोटाच्या पेराला कळतं. डोळ्यांना काम नाही, कानांनाही नाही. आणि बिनकामाचा कान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आमिष गेलं असेल का, शेजारच्या होडीला काय लागलं, घरी काय चाललं असेल. मग हात उगाच दोरी वर ओढतो, पुन्हा सोडतो. ज्याची दोरी सारखी वर, त्याला मासा कुठला? रेडिओ कानाला कामाला लावायचा. मग बोट आपलं काम करायचं.

पण मामाच्या रेडिओचं आणखी एक काम होतं आणि ते मी दुसऱ्या कुणाच्या होडीत पाहिलेलं नाही. ट्रान्झिस्टर तो नेहमी होडीला आडवा ठेवायचा. मी तो माझ्याकडे फिरवला की पुन्हा आडवा करायचा. नांगरावर उभी होडी पाण्याच्या ओढीकडे नाळ करून राहते. भरती सरून ओहोटी लागली की ती हळूहळू घूम घेते, पण रात्रीच्या काळोखात, किनाऱ्यावर एखाददुसराच दिवा असताना, ते चटकन ध्यानात येत नाही. अशा वेळी चांगलं रंगात आलेलं गाणं एकदम पातळ व्हायचं, खरखर वर यायची, आणि काही वेळानं आवाज आपोआप पूर्ववत. मी बटणं फिरवायला हात पुढे केला की मामा म्हणायचा, "रव. गाणां बारीक झालां मा? पाणी फिरलां." आणि दोरी वर घेऊन आमिष बदलायला लागायचा. पाणी फिरलं की मासा पुन्हा खायला लागतो, हे मालवणात पोराटोरांनाही माहीत असतं.

कारण कॉलेजात कळलं, एका मित्राचा बिघडलेला ट्रान्झिस्टर उघडून बसलो होतो तेव्हा. आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तीच मीडियम वेव्हची एरियल. केंद्र कांडीच्या कुशीकडे असेल तर आवाज खणखणीत, कांडीचं टोक केंद्राकडे झालं की आवाज बसतो. होडी दक्षिणोत्तर उभी, रेडिओ आडवा, पणजी दक्षिणेला. होडी फिरताना मधेच कांडीचं टोक पणजीकडे यायचं आणि लोर्नाचा आवाज बसायचा. मी हे मामाला पत्रानं कळवलं. उत्तरात त्यानं आंब्यांची पेटी कुठल्या एसटीनं पाठवली ते लिहिलं.

गाणी लावायला त्याची कधीच ना नव्हती. गायलाही नव्हती. ना होती ती एकाच गोष्टीला. "गाणी म्हण, बोंब मार, पण फळयेर पाय आपटू नको." मी शिसं नुसतं धप्पकन तळाशी ठेवलं तरी तो डोळे वटारायचा. गोणपाटाची घडी त्यासाठीच होती. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. हजारातला जेमतेम एक भाग खाली उतरतो. पण होडीचं लाकूड पाण्याला टेकलेलंच असतं. फळीवर टकटक झाली की ती लाकडातून थेट पाण्यात, आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो, हवेतल्या चौपटीहून जास्त. शिवाय बहुतेक माशांना ऐकू येतात ते खालचे, जाडे आवाज. लोर्नाच्या वरच्या पट्टीशी त्यांना देणंघेणं नाही. टाच आपटली की सगळ्या तळाला वर्दी जाते.

माशांना कान असतात का, असं विचारणाऱ्यानं ढोम्याचं डोकं खावं. दाताखाली दोन पांढरे खडे येतात. लहानपणी आम्ही ते धुऊन काडेपेटीत जमवायचो. तेच त्याच्या कानातले खडे.

मुंबईत आमच्या चाळीत 'मी डोलकर' रेडिओवर लागलं की बिऱ्हाडाबिऱ्हाडातून आवाज मोठे व्हायचे. शान्ता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लता आणि हेमंतकुमार. मामा एकदा आमच्याकडे आला असताना सगळ्यांनी कौतुकानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, की आता हा दर्याचा माणूस काय म्हणतो. तो म्हणाला, "गाणां बरां आसा. पण आमच्याकडे डोल खय?" त्याचं बरोबर होतं. डोल म्हणजे खुंटांना बांधून पाण्याच्या ओढीत उभं केलेलं पिशवीसारखं जाळं. त्याला पाण्याची ओढ जबर लागते. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीचा फरक 5 मीटरच्या घरात जातो. दक्षिणेकडे तो कमी कमी होत मालवणला निम्म्याच्या आसपास उरतो. म्हणून डोल वर ठाणे-मुंबई-रायगडकडे, आणि खाली रापण. दर्याचं गाणंसुद्धा सगळ्या किनाऱ्याला सारखं लागू पडत नाही. चाळीतली मंडळी हिरमुसली. मला आवडलं.

खरी डोल पाहिली ती नोकरीला लागल्यावर. बँकेतला एक सहकारी वेसाव्याचा. त्याच्या भावाच्या बोटीवर आम्ही एकदा रात्रीचे गेलो. मामाच्या होडीहून हे सगळं निराळं. डिझेल इंजिन, तांडेल, खलाशी, आणि इंजिनाच्या बॅटरीवर चालणारा कॅसेटचा डेक. इंजिन चालू असताना माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून डेकचा आवाज शेवटपर्यंत वर. वेसावकर आणि मंडळींची कोळीगीतं. त्यांच्याच गावची ती मंडळी असल्यामुळे प्रत्येक खलाशाची त्यातल्या कुणाशी तरी सोयरीक निघत होती. मला मात्र ते ऐकणं वाटलं नाही. इंजिनानं केलेला गोंगाट दुसऱ्या गोंगाटानं झाकायची खटपट होती ती.

डोलीवर पोचल्यावर इंजिन बंद. पाणी सुस्तावल्याशिवाय जाळं उचलता येत नाही, तोवर थांबायचं. पुन्हा इंजिन सुरू करायला बॅटरी शिल्लक हवी म्हणून तांडेलानं डेकही बंद केला. मी बोटीच्या पोटात तळाच्या फळ्यांवर आडवा झालो, आणि कानाखाली गुरगुर सुरू झाली. लांबून बेडूक ओरडावेत तशी. आधी एक, मग दोन, मग सगळीकडून. मी घाबरून वर आलो. तांडेल हसला. ढोमी बोलतायत, म्हणाला. घोळ, कोथ, ढोमा ही सगळी एका कुळातली मासळी. पोटातल्या हवेच्या पिशवीला लागून असलेले स्नायू झरझर आखडून ते आवाज काढतात. विणीच्या दिवसांत जास्तच. घोळीची तीच पिशवी, कोळी तिला बोत म्हणतात, परदेशी बाजारात जबर भावानं जाते. मोठी घोळ लागली की कोळीवाड्यात पेपरवाले येतात ते त्या बोतापायी. ज्या अवयवानं ती गाते त्याचेच पैसे. गुजरातनं 2023 साली घोळीला राज्यमासा केलं. महाराष्ट्रानं त्याच वर्षी तो मान पापलेटाला दिला. खायला पापलेट उत्तमच, पण ते गाण्यासाठी प्रसिद्ध नाही.

पुढे मामा थकला. ट्रान्झिस्टरच्या स्प्रिंगा एकदाच्या तुटल्या त्या पुन्हा बसल्या नाहीत. मामेभावानं होडीला इंजिन बसवलं. रेडिओ तोही न्यायचा, पण गाण्यांसाठी कमी आणि बातमीपत्रानंतरच्या मच्छीमारांच्या सूचनेसाठी जास्त. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रावरून परत आले नाहीत. त्यानंतर होडी सुटताना वहिनी डब्याआधी रेडिओचे सेल विचारायची. आता इशारे मोबाइलवर येतात, किनारा लांब गेला की रेंज जाते, आणि मोबाइलमध्ये मीडियम वेव्ह नसतेच. माझ्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये लोर्नाची सगळी गाणी आहेत. ती कुठेही तोंड करून ठेवली तरी सारखीच वाजतात. ही सोय आहे, तक्रार नाही. फक्त पाणी फिरल्याचं आता त्याला घड्याळात बघावं लागतं. तो एकाच कानात इयरफोन घालतो. दुसरा इंजिनासाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रॉलरसाठी मोकळा. हा शहाणपणा त्याला कुणी शिकवला नाही.

बंदीचे जून-जुलै सोडले तर तो हल्ली पर्यटकांना गरवायला नेतो. पुण्या-कोल्हापूरची मंडळी येतात, बरोबर डब्याएवढा स्पीकर. पुतण्यानं नियम केलाय: गाणं कुठलंही लावा, स्पीकर ताडपत्रीच्या दांड्याला टांगायचा, फळीवर ठेवायचा नाही. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकानं किनाऱ्याला लागल्यावर अर्धे पैसे परत मागितले, कारण गाण्यांमुळे मासे आले नाहीत. पुतण्या म्हणाला, स्पीकर तुमचाच होता. त्यावर बराच वेळ वाद झाला. दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकांना त्यानं म्हणून आधीच बजावलं की आज गाणी नकोत. त्यांना तांबोशी मिळाल्या, दोन चांगल्या मोठ्या. उतरताना म्हणाली, सगळं छान होतं हो, पण फार बोअर झालं, साधं गाणंसुद्धा नाही लावलंत.