ताकदीच्या गोळ्या

अपस्मारावरील गोळ्यांविषयी एक समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे: या गोळ्या मेंदू बधिर करतात, म्हणून झटके थांबतात. हा समज अगदीच निराधार नाही. सर चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ साली पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला आणि १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान यांना फेनोबार्बिटालचा गुण आढळला. दोन्ही औषधे मुळात गुंगी आणणारी. त्यामुळे गुंगी आणि गुण ही जोडी अतूट आहे, असेच दीर्घकाळ मानले गेले.

या जोडीला तडा गेला तो बॉस्टनमध्ये. ट्रेसी पुटनॅम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेच्या धक्क्याने झटके आणले आणि कोणते रसायन ते रोखते, हे तपासले. त्यातून हाती आलेल्या फेनिटॉइनचे रुग्णांवरील निष्कर्ष १९३८ साली प्रसिद्ध झाले. झटके आटोक्यात येत होते आणि माणूस जागा राहत होता. हे कसे घडते, ते मात्र तेव्हा कोणालाच सांगता आले नसते. चेतापेशीतला संदेश सोडियम आणि पोटॅशियमच्या ये-जा करण्याने धावतो, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जातीतल्या एका प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून उलगडले, ते १९५२ साली.

आमच्या घरात थोरल्या बहिणीच्या गोळ्यांना 'ताकदीच्या गोळ्या' म्हणत. तिला झटका आला की कोणी कांदा फोडी, कोणी चप्पल हुंगवायला धावे. "वहिनी, अजून किती वर्षं देणार ह्या गोळ्या? पोरीचं डोकं बधिर होऊन जाईल," असे आत्या दर भेटीत म्हणत. आई उत्तर देत नसे. रात्रीची गोळी मात्र तिने कधी चुकू दिली नाही. गोळ्या एकाएकी थांबवल्या तर झटक्यामागून झटका येऊन जिवावर बेतू शकते, एवढे तिला डॉक्टरांनी बजावले होते. त्यामागचे कारण आम्हां भावंडांना कळले ते पुढे, पुस्तकांतून.

चेतापेशी स्वस्थ असताना तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. चेतना पुरेशी झाली की पटलातील सोडियमची दारे उघडतात, धनभारित सोडियम आत शिरते आणि एखाद-दोन सहस्रांश सेकंदांत दारे अडकतात. हे अडकणे मूळच्या मिटण्याहून वेगळे. मिटलेले दार पुढच्या हाकेला उघडते. अडकलेले दार पेशी पुन्हा पूर्ववत ऋण होईपर्यंत ओ देत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधे मुख्यतः या अडकलेल्या दाराला बिलगतात आणि त्याचे सावरणे लांबवतात. शांतपणे काम करणाऱ्या पेशीची दारे त्या स्थितीत क्षणभरच असतात. तेथे औषधाला फारसा वाव नाही. झटक्यात सापडलेली पेशी आवेगामागून आवेग सोडते, तिची दारे पुनःपुन्हा अडकतात आणि औषधाचा अंमल वाढत जातो. जितका अतिरेक, तितका अटकाव. आत्यांच्या शंकेला याहून नेमके उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

अर्थात हा विवेक परिपूर्ण नाही. मात्रा वाढली की चक्कर येते, एकाचे दोन दिसते. फेनिटॉइनने कित्येकांच्या हिरड्या वाढतात. शिवाय प्रत्येक झटक्याचे दार एकच नसते. क्षणभर शून्यात पाहत राहणाऱ्या मुलांच्या झटक्यांत थॅलॅमसमधील कॅल्शियमची दारे गुंतलेली असतात. तेथे इथोसक्सिमाइड चालते, फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनने झटके वाढूही शकतात. ड्राव्हे सिंड्रोममध्ये तर मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींचीच सोडियमची दारे जन्मतः दुबळी असतात. त्यांना आणखी रोखणे म्हणजे रखवालदारालाच बांधून ठेवणे. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देऊ नये.

राहिला प्रश्न नावाचा. हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने वेड आणि अपस्मार यांचे वारंवार येणारे झटके एकाच ओळीत बसवले होते. ते विवाहाला बाधक ठरत. घरातल्या वडीलधाऱ्यांना ती ओळ ठाऊक होती, आणि 'ताकदीच्या गोळ्या' हे नाव त्या ओळीच्या धाकातून आले होते. १९९९ साली अपस्माराचा शब्द कायद्यातून वगळला गेला. दोन वर्षांनी बहिणीला पाहायला मंडळी आली, तेव्हा तिने गोळ्यांचे खरे नाव स्वतःच सांगितले. ते स्थळ गेले. पुढच्याही स्थळाला तिने तेच सांगितले.

सोडियमच्या दाराचा स्वभाव माणसाने काही दशकांत ओळखला. कायद्याला त्याहून वेळ लागला आणि दिवाणखान्यांना अजून लागतो आहे. तोवर गोळी वेळेवर घ्यावी, आणि तिच्या खऱ्या नावानेच घ्यावी.