आज्जीची पाठ

औंधच्या यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली उभं केलं. माणसं तिथे राजा रविवर्म्याची चित्रं बघायला जातात. मीही त्यासाठीच गेलो आणि थबकलो हेन्री मूरच्या 'मदर अँड चाइल्ड'पाशी. खटाव तालुक्यातल्या या कोरड्या मुलखात इंग्लंडच्या शिल्पकाराची आई लेकरासह येऊन राहिली आहे, आणि त्याच डोंगरावर यमाई. 'ये माई' अशी हाक घातली म्हणून ती यमाई, असं लोक सांगतात.

मूर यॉर्कशायरमधल्या कॅसलफर्डचा, खाणकामगाराचा मुलगा, जन्म १८९८ चा. त्याच्या आईची पाठ संधिवाताने धरायची, आणि ती लहानग्या हेन्रीला पाठीला औषध चोळायला बोलवायची. पुढे साठीच्या उंबऱ्यावर, १९५७ साली, तो एका बसलेल्या प्रौढ स्त्रीची मूर्ती करत होता. पाठ घडवता घडवता त्याला उमगलं, की पोरवयात चोळलेली, मधल्या काळात पार विसरलेली आईची पाठच नकळत आकाराला येते आहे. हे त्याने स्वतः सांगून ठेवलं आहे. मी ते वाचलं होतं, पण औंधला उभा राहीपर्यंत ते माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आमचं गाव सांगलीकडचं, भिलवडीजवळ, कृष्णाकाठी. हळदीच्या काढणीत दिवसभर वाकून आज्जी घरी आली, की पालथी पडायची. "बाळा, जरा तेल लाव रं." वाटीत कोमट केलेलं करडईचं तेल. मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे ताठ झालेले स्नायू आणि कमरेच्या थोडं वर एक खोलगट जागा. तिथे माझा तळवा नेमका बसायचा. तिच्या कातडीला हळदीचा वास असायचा, तो तेलानेही जात नसे.

आषाढात बेंदूर. कुंभाराकडून बैलांची जोडी आणायचीच, पण एक जोडी आज्जी माझ्याकडून करून घ्यायची. महाबळेश्वर, वाई, कऱ्हाडकडून कृष्णेने वाहून आणलेला पोयटा काठावर हवा तेवढा. वशिंड तिने चिमटीने वर काढायचं, डोळ्यांना लाल गुंजा मी लावायच्या. मग पाटावर बैल, समोर मातीची गव्हाण, तिच्यात कडब्याचे बारीक तुकडे, बाजूला पुरणपोळी. मांडणशिल्प हा शब्द मला फार पुढे कळला. पण अमुक वस्तू तमुक वस्तूपासून किती लांब ठेवली म्हणजे घर भरल्यासारखं वाटतं, हे मी त्या पाटापाशी शिकलो.

माझ्या बैलांची पाठ दर वर्षी मधोमध खचायची. "म्हातारा बैल केलायस," म्हणून सगळे हसत. आज्जी हसत नसे. एका बेंदराची जोडी तर तिने पाण्यात सोडूच दिली नाही; देवळीत ठेवली, आणि आज्जी गेल्यावरही ती तिथेच राहिली. बैलांच्या पाठीवरची ती खोलगट जागा कुणाची, हे तिने ओळखलं असेल का? औंधला मूरच्या त्या आईपुढे मला पहिल्यांदा तसं वाटलं, आणि तळवा आपोआप अर्धवट मिटला.

आज्जीचे तीन-चार फोटो आहेत. पाठमोरा एकही नाही. कोण काढणार?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी घरात शिरलं. ओसरल्यावर आम्ही गेलो, तर भिंतींना देवळीच्याही वरपर्यंत रेघ होती आणि जमिनीवर घोट्याएवढा गाळ. भावाने फावडं घेतलं. मी आधी देवळीत हात घातला. बैल नव्हते; मऊ, गार, सपाट पोयटा होता, आणि त्यात दोन गुंजा. जोडीच्या चार असायला हव्या होत्या. भाऊ बाहेरून हाका मारत राहिला, आणि मी गाळ बोटांनी चाळत उरलेल्या दोन शोधत बसलो.