वाजवून बघ

मेच्या शेवटी पुण्याहून हर्णैला गेलो तो होडी विकायची हे बाबांना पटवायला. त्यांनी माझ्या हातात हातोडी दिली. "आधी वाजवून बघ."

अठ्ठावीस फुटी फायबरची होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. बाहेरचा निळा रंग अजून चकचकीत. आत उतरलो. तळाला लांबीने दोन उभट पट्ट्या जातात, त्यांवर हातोडी मारत निघालो. टक्, टक्, टक्... आणि इंजिनाजवळ एकदम थप्. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं.

फायबरची होडी म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन यांचं पातळ कवच. ते सहजी फुटत नाही, पण लवतं. त्याला ताठ ठेवतात त्या या पट्ट्या, म्हणजे स्ट्रिंगर, आणि आडव्या फळ्या. आमच्या स्ट्रिंगरच्या पोटात लाकूड होतं. इंजिनाच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी शिरलं, आणि वरचं फायबर शाबूत असताना आतलं लाकूड कुजलं. कापून काढलं तर मुठीत पिळता येत होतं.

"किती दिवस असंच चालवताय?"

बाबा काही बोलले नाहीत.

१ जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे वेळ होता. पण पाऊस आला की रेझिन नीट धरत नाही. हातात आठ दिवस.

बाबांनी आधी होडीखालचे टेकू आणि वाळूच्या गोण्या सारख्या केल्या. तळ आत्ता जिथे दबलेला असेल, तसाच कायमचा पक्का होतो. मग ग्राइंडर. जुन्या गुळगुळीत फायबरवर नवं चिकटत नाही, खरवडावंच लागतं. ती काचेची भुकटी मास्क, लांब बाह्या सगळं चुकवून अंगाला लागते. रात्रभर खाज.

आडवी फळी मी घासून घासून अशी बसवली की मध्ये कागद जाणार नाही. बाबांनी ती उपसून काढली. "बोटभर फट सोड. लाट आदळली की तळ हलणार. तुझी फळी तिथेच टोचत राहिली तर त्याच रेषेत तडा जाईल."

फटीत फोमची पट्टी घातली. कोपरे पुटी भरून गोल केले, कारण मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. वर मॅटचे थर, प्रत्येक आधीच्याहून रुंद. हार्डनर घातलं की थोडीच मिनिटं मिळतात, मग डबा गरम होतो आणि सगळं गोठतं. त्या घाईत भांडायला वेळच नसतो.

शेवटच्या दिवशी हातोडी मी बाबांकडे दिली. त्यांनी इंजिनाजवळ दोनदा मारली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय आलं?"

तेव्हा कळलं. तीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला टक् आणि थप् यातला फरक ऐकूच येत नव्हता. मला हातोडी दिली होती ती म्हणून.

"टक्," मी म्हणालो.

"पुढच्या मेमध्येही ये मग."

विकायची गोष्ट मी तशीच पुण्याला परत घेऊन आलो.