भाचीचं जाडजूड पुस्तक

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरात वाद झाला. माझी भाची नुकतीच पशुवैद्यक झाली आहे. आता ती दवाखाना टाकेल किंवा सरकारी नोकरी बघेल, असं आम्ही धरून चाललो होतो. ती म्हणाली, "मला शरीररचनाशास्त्रात पुढे शिकायचंय. एम.व्ही.एस्सी., मग पीएच.डी."

"म्हणजे आयुष्यभर मेलेल्या जनावरांची चिरफाड?" आपा म्हणाली. "रिश्ता घेऊन येणाऱ्यांना मी काय सांगू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात शिक्षिका मीच. मी आपाची बाजू घेतली. खरं तर बारावीनंतर एमबीबीएससाठी गुण कमी पडले, तेव्हा एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दे, असा हट्टही मीच धरला होता. तेव्हा तिने ऐकलं नाही, याची सल माझ्या मनात होतीच.

भाची रागावली नाही. आतून एक जाडजूड पुस्तक घेऊन आली. "खाला, काल वजडी कोणी धुतली?"

"मीच. दरवर्षी मीच धुते."

"त्यात टॉवेलसारखा भाग असतो, मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार असतो, पुस्तकाच्या पानांसारखा असतो. बकऱ्याच्या पोटात हे कुठे कुठे असतात?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं मी ते परातीतच पाहत आले होते.

तिने सांगितलेली हकिकत अशी. सेप्टिमस सिसन १८६५ साली इंग्लंडमध्ये जन्मले, कॅनडात पशुवैद्यक शिकले आणि १९०१ पासून अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात शरीररचना शिकवू लागले. मेलेल्या जनावराचं पोट उघडलं की मऊ अवयव ढासळतात, त्यांचा आकार आणि जागा बदलते. त्यावरून लिहिलेलं वर्णन चुकतं. म्हणून रक्तवाहिन्यांतून फॉर्मॅलिन सोडून अवयव आधी जागच्या जागी कडक करायचे आणि मगच शरीर उघडायचं, या पद्धतीवर सिसन यांनी भर दिला. घोडा, बैल, डुक्कर, कुत्रा असा एकेक प्राणी घेऊन त्यांनी १९१० साली ग्रंथ काढला आणि १९१४ साली तो नव्या नावाने पुन्हा आणला. १९२४ मध्ये ते वारले. पुढे ग्रॉसमन यांनी आणि नंतर गेटी यांच्या देखरेखीखाली अनेकांनी तो सुधारत नेला. १९७५ ची आवृत्ती दोन खंडांची झाली.

"पण त्याचा जिवंत जनावराला काय उपयोग?" आपाने विचारलं.

"खालच्या गल्लीतल्या म्हशीने चाऱ्यातून तार गिळली तर ती बहुतेक त्या जाळीदार कप्प्यात अडकते. तो कप्पा आणि हृदय यांच्यामध्ये पातळ पडदाच असतो. तार पुढे सरकली की थेट हृदयाला टोचते. कोणता अवयव कोणाच्या शेजारी आहे हे माहीत नसेल, तर डॉक्टर नुसती अपचनाची पुडी देत राहील. अम्मी, हे डॉक्टरला कोणीतरी आधी शिकवावं लागतं."

आपा गप्प झाली. तिच्या अब्बांनी मात्र विचारलं, "आपल्या लोकांत असलं कोणी केलंय का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. अरबीत पशुवैद्याला बैतार म्हणतात. चौदाव्या शतकात कैरोमध्ये सुलतान नासिर मुहम्मद यांच्या पदरी अबू बक्र इब्न बद्र नावाचे बैतार होते. घोड्यांच्या देखभालीवर आणि उपचारांवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सूरह नहलमध्ये जनावरांच्या पोटातून मिळणाऱ्या दुधाकडे पाहून बोध घ्यायला सांगितलं आहे. मी कितीतरी वेळा तिलावत केली. पोटात काय, कुठे, कसं असतं, हा प्रश्न मला पडला नाही. तो माझ्या भाचीला पडला. आणि मी तिला गुणपत्रिकेवरून आणि रिश्त्यावरून जोखत बसले होते.

सकाळी मी आपाला म्हटलं, "तिला फॉर्म भरू दे."

"आणि लोक विचारतील तेव्हा?"

"माझ्याकडे पाठव. मी सांगेन."

आपा अजून पूर्ण राजी नाही. पण फॉर्म गेला आहे. अल्लाह तिच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.